मराठवाड्यातून पहिल्यांदा जंगल सफारीला जाताय? आधी गेट ठरवा, मग हॉटेल

घरातल्या ग्रुपवर कुणीतरी वाघाचा फोटो टाकतं, लेकरं हट्ट धरतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत ताडोबाला जायचं ठरतं. मग सगळ्यात आधी स्विमिंग पूल असलेलं रिसॉर्ट शोधलं जातं, आगाऊ पैसे भरले जातात, आणि निघायला पंधरा दिवस उरले की कुणाच्या तरी लक्षात येतं, अरे, सफारीचंही बुकिंग लागतं! तोवर जवळच्या गेटवर एकही जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी जीप, शिल्लक नसते. मग तासाभराच्या अंतरावरचं कुठलं तरी गेट, कुणातरी मध्यस्थाकडून, चढ्या भावात पदरात पडतं.

हा क्रम उलटा करा. आधी जंगल, मग महिना, मग गेट आणि सफारीचं बुकिंग, आणि ते हातात आल्यावर त्या गेटजवळची खोली. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, हिंगोली, बीड, लातूर, धाराशिव यांपैकी कुठूनही निघत असाल आणि आयुष्यातली ही पहिलीच सफारी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

काय बघायचंय ते घरात बसून ठरवा

हा प्रश्न सोपा वाटतो, पण चार माणसांच्या घरात त्याची चार उत्तरं निघतात. एकाला वाघच पाहिजे, दुसऱ्याला शांतता पाहिजे, आजीला मोटारीत चार तास हाडं खिळखिळी करून घ्यायची नाहीत, आणि पाच वर्षांच्या पोराला वाघ दिसला नाही तर ते अर्ध्या तासात कंटाळणार.

घरात लहान लेकरं आणि वयस्कर माणसं जास्त असतील तर नागपूरचं गोरेवाडा आधी करा. २०२१ साली सुरू झालेल्या या प्राणी उद्यानात बंदिस्त, मोठ्या कुंपणाच्या आत बसमधून वाघ, बिबट्या, अस्वलं बघता येतात. प्राणी दिसण्याची खात्री बरीच, वेळ कमी, त्रास कमी. मात्र हे जंगल नव्हे, हे मुलांना सांगून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी खऱ्या जंगलात नेल्यावर 'इथं वाघ का नाही ठेवले' असं विचारतील.

पक्षी बघायचे असतील तर विदर्भात जायचीच गरज नाही. आणि दाट डोंगरी जंगल, नदी, शांतता हवी असेल, वाघ दिसला तर दिसला, अशी मनाची तयारी असेल तर मेळघाट. उरलेल्यांनी, म्हणजे वाघासाठीच जाणाऱ्यांनी, ताडोबा, टिपेश्वर, पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि बोर यांतून निवड करावी.

आधी घराजवळ एक चक्कर

ही पायरी बहुतेक जण गाळतात. जंगलात गप्प बसणं, दुर्बीण डोळ्याला लावून नेमकी फांदी पकडणं, हालचाल न करता वाट पाहणं, हे सवयीनं येतं. ती सवय भरपूर पैसे मोजलेल्या जिप्सीत बसून लावण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात फुकटात लावावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पैठणच्या नाथसागराच्या काठी जा. जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. थंडीत इथं रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात माना खाली घालून चरत असतात. पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदकंही येतात. सूर्य डोक्यावर यायच्या आत पोचा आणि काठापासून जरा मागंच थांबा. दोन पावलं पुढं टाकण्याच्या मोहात अख्खा थवा उडतो.

कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य पावसाळ्यानंतर हिरवंगार असतं आणि पितळखोऱ्याची लेणी त्याच्याच पोटात आहेत. बीड जिल्ह्यातलं नायगाव मोरांसाठी राखलेलं. पावसाच्या सुरुवातीला पिसारे बघायला मिळतात. धाराशिवकरांना येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य अंगणातच आहे. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाणारांनी एक सकाळ सोलापूरजवळच्या नान्नजला द्यावी. माळढोकासाठी राखलेल्या त्या माळरानावर माळढोक आता नावापुरताच उरला असला तरी काळविटांचे कळप आहेत, आणि नशीब असेल तर लांडगा. आपल्याकडं शेतात रोही आणि हरणं एवढी दिसतात की त्यांच्याकडं नुकसान करणारी जनावरं म्हणूनच बघायची सवय झालीय. माळावर पूर्ण वेगात उड्या घेत जाणारा काळवीट एकदा निवांत बघा, मग त्याच्याविषयी बोला.

आणि वाघ म्हणाल तर तोही आपल्याला अगदी परका नाही. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये तेलंगणा, नांदेड, हिंगोली, अकोला असं शेताशिवारांतून सुमारे तेराशे किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात सापडला, तिथं कित्येक दशकांनी. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तर टिपेश्वरचा एक वाघ येडशीच्या जंगलात निघाला! अर्थात याचा अर्थ येडशीला वाघ बघायला जा असा नाही. तिथल्या लोकांची जनावरं त्याच्या तोंडी गेली, रात्री शेतात पाणी द्यायला जायची भीती बसली. अशा ठिकाणी गाड्या घेऊन वाघ शोधत फिरणं हा शुद्ध आगाऊपणा आहे.

कुठल्या जिल्ह्यातून निघताय, त्यावर जंगल ठरवा

नांदेड, हिंगोली, परभणीकरांनी पहिली सफारी टिपेश्वरलाच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचं, पण सागाचं, डोंगरउताराचं, पाणवठ्यांचं सुंदर रान आहे आणि वाघांचं प्रमाण चांगलं. ताडोबाच्या मानानं गर्दी कमी. सुन्ना आणि माथनी ही त्याची नेहमीची गेटं. सुन्ना नागपूर-हैदराबाद महामार्गापासून जवळ असल्यानं नव्या माणसाला सोपं. नांदेडहून माहूरची वाट धरली तर रेणुकामातेचं दर्शन घेऊन घाटंजीमार्गे पांढरकवडा गाठता येतं. रेल्वेनं यायचं तर किनवटमार्गे आदिलाबादला उतरून पुढं गाडी करा.

संभाजीनगर आणि जालन्याच्या लोकांना समृद्धी महामार्गानं विदर्भ एकदम जवळ आणून ठेवलाय. पूर्वी नागपूर म्हणजे अख्खा दिवस जायचा, आता सकाळी निघालात तर जेवायला नागपुरात. वर्ध्याजवळचं बोर, नागपूरच्या खालचं उमरेड-कऱ्हांडला, वरचं पेंच, सगळीकडं याच रस्त्यानं जाता येतं. निघण्याआधी टायर आणि हवा तपासा. सरळ रस्ता, ताशी १२० ची मर्यादा आणि उन्हाळ्यात तापलेलं काँक्रीट, हे मिळून जुन्या टायरचा निकाल लावतात. दर दीड-दोन तासांनी थांबा. सरळ रस्त्यावर डोळा लागतो.

लातूर, धाराशिव आणि बीडकरांना तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-वर्धा हा राष्ट्रीय महामार्ग आहे. एका दमात ताडोबा गाठण्यापेक्षा नांदेडला किंवा यवतमाळला मुक्काम करावा, किंवा या रस्त्यावरून जरा वळून टिपेश्वरच्या दोन सफाऱ्या करून पुढं ताडोबा करावं. चार-पाच दिवस हाताशी असतील तर ही जोडी मला सगळ्यात पटते.

मेळघाट अकोल्याकडून करायचं. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. डोंगरदऱ्या एवढ्या की वाघ असूनही दिसत नाही. तिथं रानगवा, अस्वल, रानपिंगळा, कोलकासचं नदीकाठचं विश्रामगृह, सेमाडोहची वाट यांसाठी जायचं. वाघ बघायचाच या हट्टानं पहिल्यांदा मेळघाटला गेलेला माणूस चिडून परत येतो आणि जंगलाला नावं ठेवतो.

ताडोबा निवडलंत तर गेटाचा हिशेब नीट समजून घ्या

१९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं. आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प कोअर आणि बफर मिळून सतराशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. नवा माणूस नेमका इथंच गोंधळतो.

कोअर म्हणजे आतला गाभा, जिथं गावं, शेती, गुरं जवळजवळ नाहीत. बफर म्हणजे भोवतालचा पट्टा. तिथं जंगलही आहे आणि माणसंही. कोअरची सहा गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूनं, इरई धरणाजवळ. कोलारा आणि नवेगाव चिमूरच्या बाजूनं, म्हणजे नागपूरहून किंवा समृद्धीवरून येणारांना सोयीची. कागदावर दोन्ही 'ताडोबाच'. प्रत्यक्षात मोहर्लीला खोली आणि कोलाऱ्याची पहाटेची सफारी असा घोळ घातलात तर जंगलाला बाहेरून वळसा घालत मध्यरात्रीनंतर गाडी हाकावी लागते. म्हणून एका मुक्कामातल्या सगळ्या सफाऱ्या शक्यतो एकाच गेटाच्या किंवा जवळजवळच्या गेटांच्या घ्या.

बफरला कमी लेखू नका. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा, मदनापूर, पळसगाव अशा बफरच्या गेटांवर वाघ चांगले दिसतात, कित्येकदा कोअरपेक्षाही. बफरचं तिकीट मिळायला सोपं. बिबट्या, अस्वल आणि रानकुत्रेही तिथं भेटतात. चार सफाऱ्या करणार असाल तर दोन कोअर, दोन बफर अशी वाटणी करा. तळं, मगरी, मोठे अर्जुन, जुनं रान हे कोअरमध्ये; बफरमध्ये रस्ता मोकळा.

ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. बाकीच्या जंगलांचा सुट्टीचा वार वेगळा असतो, तो त्या त्या जंगलाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच रजा टाका. रविवार-सोमवार-मंगळवार अशी जोडून रजा घेतली आणि मंगळवारी गेटवर कुलूप, हे दर हंगामात घडतं.

महिना कोणता

कोअर पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, बंद असतो. काही बफर गेटं पावसाचा अंदाज घेऊन चालू ठेवतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रान डोळ्यांना सुख देतं, पण गवत पुरुषभर वाढलेलं असतं आणि पाणी जागोजाग असल्यानं जनावर कुठंही असू शकतं. दिवाळीच्या सुट्टीत गर्दी उसळते, तिकिटं महाग पडतात, आणि गवताआड काही दिसत नाही. पहिल्या सफारीसाठी मी दिवाळी टाळायलाच सांगेन. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीतला पहाटेचा वारा कान कापतो. लेकरांना घेऊन जाणारांनी हे गांभीर्यानं घ्यावं. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात सुखाचा: पानगळ सुरू झालेली, पळस फुललेला, सकाळी गारवा, आणि मार्चअखेर मोहाची फुलं खाली पडू लागली की अस्वलं दिसण्याची शक्यता वाढते.

एप्रिल-मे म्हणजे वाघाचा हंगाम. पाणवठे मोजके उरतात आणि वाघ उन्हात पाण्यात बसून राहतो. पण चंद्रपूरचं ऊन म्हणजे चेष्टा नव्हे. पारा ४५ च्या पुढं जातो. दुपारच्या सफारीला दोन वाजता जिप्सीच्या लोखंडी दांडीला हात लावाल तर कळेल. शेती करणारांना मात्र हाच काळ मोकळा असतो. हरभरा-गहू घरात आलेले, गुढीपाडवा झालेला, मृगाला अवकाश. दुसरी सवड काढता येत नसेल तर बिनधास्त एप्रिलमध्ये जा, फक्त दुपारची सफारी वयस्कर माणसांना देऊ नका. मे महिन्यात शाळांच्या सुट्ट्यांमुळं पुन्हा गर्दी होते, त्यामुळं परीक्षा संपल्या संपल्या, एप्रिलच्या उत्तरार्धात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत गेलेलं उत्तम.

किती सफाऱ्या आणि बुकिंग कसं

सफारी दिवसातून दोनदा असते, पहाटेची आणि दुपारची, साधारण चार-चार तासांची. वेळा ऋतूप्रमाणे मागं-पुढं होतात. एका सफारीत वाघ दिसलाच पाहिजे ही अपेक्षा ठेवून गेलात तर बहुधा निराश व्हाल. दोन सफाऱ्या म्हणजे ओळख, चार सफाऱ्या म्हणजे जंगल कळायला सुरुवात. हौसेचं रिसॉर्ट आणि एक सफारी, की साधी खोली आणि तीन सफाऱ्या? पैसे सारखेच लागणार असतील तर दुसरा पर्याय घ्या, डोळे मिटून.

बुकिंग फक्त वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून करा. ताडोबाचं स्वतःचं संकेतस्थळ आहे. राज्यातल्या इतर जंगलांचं बुकिंग वनखात्याच्या निसर्ग पर्यटनाच्या संकेतस्थळावरून होतं. शोधयंत्रात नाव टाकलं की पहिल्या ओळीत अधिकृत वाटणारी, पण खाजगी दलालांची पानं येतात. पानावर वाघाचं चिन्ह असलं म्हणजे ते सरकारी असतं असं नाही. पैसे भरण्याआधी पत्ता अक्षरन् अक्षर वाचा आणि कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा नुसत्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका.

बुकिंगच्या वेळी प्रत्येकाचं नाव, वय आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. गेटवर तेच ओळखपत्र, मूळ, दाखवावं लागतं. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि तिकिटावर 'माऊली' असं चालत नाही! लेकरांचंही ओळखपत्र जवळ ठेवा. ऐनवेळी भावाच्या जागी मेहुणा आला तर त्याला आत सोडतीलच असं नाही, म्हणून कोण येणार हे पक्कं करूनच नावं टाका.

सुट्ट्यांच्या दिवसांसाठी काही महिने आधी बसावं लागतं. बुकिंगची खिडकी उघडते त्या दिवशी सकाळी दोन फोनवरून दोघांनी प्रयत्न करा. ती हुकली तर बफर बघा, आठवड्यातले मधले दिवस बघा, कमी नावाजलेलं गेट बघा. पांगडी किंवा झरीचं तिकीट मिळालं म्हणून तोंड पाडायचं कारण नाही. वाघाला गेटांची नावं ठाऊक नसतात.

पैशाचं गणित

सफारीच्या खर्चात प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं, गाइडचं मानधन आणि ठरावीक लांबीपुढच्या लेन्ससाठी कॅमेऱ्याचं शुल्क, असे तुकडे असतात. शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दर चढतो. यातले काही पैसे आधी ऑनलाइन आणि काही गेटवर रोख द्यावे लागतात, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा; जंगलाच्या तोंडाशी एटीएम शोधत बसू नका.

बहुतेक ठिकाणी पूर्ण जिप्सीच घ्यावी लागते आणि तीत सहा पर्यटक बसतात. म्हणजे दोघं गेलात तरी भाडं तेवढंच आणि सहा जण गेलात तरी तेवढंच. मग नवरा-बायकोनं एकट्यानं जाण्यापेक्षा मित्राचं कुटुंब सोबत घ्यावं आणि खर्च निम्म्यावर आणावा. पण माणसं निवडताना पारखून घ्या. चार तास अखंड बोलणारा एक जण सोबत असला की बाकी पाचांचे पैसे वाया जातात.

ड्रायव्हर आणि गाइड बहुतेक आसपासच्याच गावांतले असतात. ज्यांच्या गावाची जमीन, चराई, मोहफुलं या जंगलापायी बंधनात आली, त्यांना या पर्यटनातून चार पैसे मिळतात. टीप द्यायची तर वाघ दिसला-न दिसला यावर देऊ नका, त्यांनी किती मन लावून दाखवलं त्यावर द्या.

राहायचं कुठं

आता खोली शोधा. गेटापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत असली की पहाटे अर्धा तास जास्त झोप मिळते. मोहर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, आणि वनविकास महामंडळाचं निवास आहे. कोलारा, मोहर्ली भागात घरगुती मुक्कामाच्या सोयीही झाल्यात. टिपेश्वरसाठी पांढरकवडा गावात साधे लॉज मिळतात. खोली घेताना दोनच गोष्टी विचारा: पहाटे निघायच्या वेळी चहा मिळेल का, आणि उन्हाळ्यात कूलर चालतो का. स्विमिंग पुलाचं मी विचारत नाही. दोन सफाऱ्यांच्या मधल्या वेळात माणूस झोपतो.

पिशवीत काय

मातकट, हिरवट, राखाडी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. पांढरा शुभ्र शर्ट आणि लाल टोपी घरी. धुळीसाठी पंचा किंवा ओढणी. उन्हाळ्यात तोच पंचा ओला करून मानेवर घ्या. थंडीत स्वेटरवर जाकीट, कानटोपी आणि गुडघ्यांवर घ्यायला शाल. प्रत्येकाला भरपूर पाणी, तेही पुन्हा भरता येणाऱ्या बाटलीत. उन्हाळ्यात ओआरएसची पाकिटं. अत्तर, परफ्यूम नको.

ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाईल आत नेता येत नाही. हे आधी माहीत नसलं की गेटवर चिडचिड होते. फोटो हवेच असतील तर साधा कॅमेरा न्या. पण पहिल्या सफारीसाठी कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण न्या असं मी म्हणेन. ८ बाय ४२ मापाची पुरते. दोन माणसांत एक तरी हवी, सहा जणांत एक असली की भांडण ठरलेलं.

आत जाण्याआधी शौचालयाला जाऊन या. आत गाडीतून उतरायची मुभा ठरावीक ठिकाणीच असते. पाठीचा, मानेचा त्रास असणारांनी पुढची ओळ मागून घ्यावी, मागच्या सीटवर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो. गरोदर बायकांनी जिप्सीत बसूच नये.

जिप्सीत बसल्यावर

गाइडला पहिलंच वाक्य 'वाघ दाखवा' असं बोलू नका. 'आमची पहिलीच वेळ आहे, सगळं दाखवा' म्हणा. एवढ्यानं सफारीचा नूर बदलतो. तो मग कहांडळाच्या झाडाचं पांढरंफटक खोड दाखवतो, अस्वलानं फोडलेलं वारूळ दाखवतो, ऐनाच्या सालीवर नखांनी ओढलेले ओरखडे दाखवतो.

रस्त्याकडं बघायला शिका. पहाटेच्या धुळीवर वाघाचा ठसा उमटलेला असेल तर त्याच्या कडा बघा. कडा तुटक, टोकदार असतील, त्यावर पान पडलेलं नसेल, जिप्सीच्या चाकाची नक्षी त्याच्या खाली असेल आणि वर नसेल, तर तो तुमच्या पुढच्या गाडीनंतर गेलाय. ठशावर मुंग्यांची किंवा किड्याची बारीक रेघ उमटलेली असेल तर तो रात्रीच निघून गेला. गाइड खाली वाकून हे सेकंदात वाचतो आणि ड्रायव्हरला हळू आवाजात एकच शब्द सांगतो.

मग कान. चितळ धोका दिसला की तीक्ष्ण, शिट्टीसारखा आवाज काढतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखं खेकसतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. याला सगळे 'कॉल' म्हणतात. चितळं जरा घाबरट. बिबट्या, रानकुत्रा दिसला तरी, कधी कधी नुसत्या संशयानंही ती ओरडतात. पण सांबरानं पाय आपटून एकदा 'पोंक' केलं आणि पुन्हा पुन्हा करत राहिलं, तर तिथं वाघ आहे असं समजून गाइड इंजिन बंद करायला लावतो.

ते इंजिन बंद झालं की खरी परीक्षा. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, काहीच नाही. शेजारच्या बांबूत वारा घुसतो, तापलेल्या बॉनेटचा टकटक आवाज येतो, आणि तुमच्या मागचा माणूस वेफर्सची पिशवी उघडतो. नवे लोक बहुधा याच वेळी 'चला, दुसरीकडं बघू' म्हणतात. थांबा. जिप्सी पळवत जंगल पालथं घालणारांपेक्षा एका पाणवठ्यावर बसून राहणारांना वाघ जास्त दिसतो, हे कुठलाही जुना गाइड सांगेल.

वाघ दिसला तर उभं राहू नका, बोटं दाखवत ओरडू नका, ड्रायव्हरला 'अजून पुढं घे' म्हणू नका. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगावच्या बाजूला जिप्स्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून कोंडीत पकडलं. त्याचा व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि गाइड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली.  तुमच्या आग्रहाची किंमत गाइड-ड्रायव्हरच्या पोटाला बसते, हे ध्यानात ठेवा. रस्ता वाघासाठी मोकळा सोडा. त्याला वाट मिळाली तर तो बऱ्याचदा गाडीसमोरून सावकाश चालत जातो आणि तुम्हाला पाच मिनिटं बघायला मिळतं. अडवला तर तीन सेकंदांत झाडीत.

वाघ नाही दिसला तर? तर त्या दिवशी रानकुत्र्यांची टोळी, रानगव्याचा कळप, सर्पगरुड, नीळकंठ, स्वर्गीय नर्तकाची लांब शेपटी, यातलं काहीतरी नक्की दिसलेलं असतं. संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या लेकरांना वहीत लिहायला लावा: काय दिसलं, कुठं, काय करत होतं. दुसऱ्या सफारीला ती स्वतःच रस्त्यावर ठसे शोधायला लागतात.

परतीचा दिवस

शेवटची सफारी दुपारची ठेवू नका. संध्याकाळी सहा-सात वाजता बाहेर पडून रात्रभर लातूर किंवा बीडपर्यंत गाडी चालवायची आणि सकाळी कामावर हजर व्हायचं, असा हिशेब बरेच जण करतात. ड्रायव्हरही तुमच्यासारखाच पहाटे चारला उठलेला असतो. त्यापेक्षा शेवटची सफारी पहाटेची घ्या, दहा-साडेदहाला बाहेर या, आंघोळ, जेवण, तासभर डुलकी, आणि मग निघा. जंगलालगतच्या पट्ट्यात गाडी हळू ठेवा, कारण रानडुक्कर आणि रोही अंधार पडताच रस्त्यावर येतात. परतीच्या मुक्कामासाठी यवतमाळ, नांदेड किंवा वर्धा यांपैकी एक गाव आधीच ठरवून ठेवा, आणि कामावरची रजा एक दिवस जास्तीची टाका.